उपरोध दप्तरात सापडतो : इंग्रजी अमदानीवर लघुपटाची संहिता कशी लिहावी

इंग्रजी अमदानीवर विनोदी लघुपट करायचा असे ठरले की पहिल्याच बैठकीत हमखास एक साहेब जन्माला येतो. त्याच्या डोक्यावर पांढरी हॅट असते, हातात छडी असते आणि तो ‘टुम काला आडमी’ अशा थाटाचे काहीतरी बोलत असतो. मीही माझ्या पहिल्या संहितेत असाच साहेब लिहिला होता आणि एका स्पर्धेत तो सादरही झाला. पहिली दोन मिनिटे चांगला हशा मिळाला आणि उरलेली अठरा मिनिटे खुर्च्यांची कुरकुर ऐकत काढावी लागली. साहेबाचे उच्चार संपले तेव्हा माझ्याजवळचा विनोदही संपला होता, कारण त्या संहितेत राज्यकर्त्याचा चेहरा होता, पण राज्य कुठेच नव्हते.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो आणि शिबिरांतही तोच सांगतो : या विषयावरचा विनोद रचायचा नसतो, तो दप्तरात शोधायचा असतो. परकी सत्ता तलवारीने आली असली तरी तिचा रोजचा कारभार कागदावर चाले. अर्ज, हुकूम, परिपत्रके, शेरे आणि अहवाल यांत ती अत्यंत गंभीर चेहऱ्याने अशा काही गोष्टी लिहून ठेवते की लेखकाने त्यांत भर घालण्याची गरज पडत नाही. आपले काम तो गंभीरपणा जसाच्या तसा पडद्यावर आणण्याचे आहे.

विषय कसा निवडावा

विषय शोधताना मोठ्या घटनेकडे जाऊ नये. बंड, खटला, फाशी, सत्याग्रह यांना स्वतःचे वजन असते आणि वीस मिनिटांच्या लघुपटाला ते पेलत नाही. राज्यकर्त्यांना जी गोष्ट किरकोळ वाटली, पण जिने सामान्य माणसाचा दिवस उलटापालटा केला, अशी गोष्ट घ्यावी. गेटवे ऑफ इंडियाचे उदाहरण घ्या. पंचम जॉर्ज बादशहाच्या आगमनाचे स्मारक म्हणून ही कमान उभारायची ठरली, 31 मार्च 1911 रोजी तिचा पायाही घातला गेला, पण डिसेंबरात बादशहा अपोलो बंदरावर उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी होती. खरी कमान 4 डिसेंबर 1924 रोजी खुली झाली आणि 28 फेब्रुवारी 1948 रोजी याच कमानीतून ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी बाहेर पडली. गोव्यातील लेखकाला तर याहून जवळचा विषय आहे. पोर्तुगालने 1951 साली आपली राज्यघटना दुरुस्त करून ‘वसाहत’ हा शब्द काढून टाकला आणि गोवा एका कलमाने ‘सागरापारचा प्रांत’ झाला. वसाहतच उरली नाही, तर ती सोडायची कोणी, असा तो युक्तिवाद होता. या एका शब्दबदलासाठी एखाद्या कचेरीतील सगळे शिक्के, पाट्या आणि छापील कागद बदलावे लागत आहेत, एवढ्यावर लघुपट उभा राहू शकतो.

मी येथे तिसरे उदाहरण सविस्तर घेणार आहे, कारण त्यावर आम्ही प्रत्यक्ष काम केले आहे. ते म्हणजे मुंबईची वेळ.

एकोणिसाव्या शतकात प्रत्येक मोठ्या शहराची सूर्यावरून ठरलेली स्वतःची वेळ असे आणि रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर धावत असे. मुंबईची वेळ मद्रासच्या मागे सुमारे अर्धा तास होती. 1881 साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादण्याचा प्रयत्न केला आणि तो लोकांच्या विरोधामुळे फसला. विद्यापीठाने राजाबाई मनोऱ्याचे घड्याळ मुंबईच्याच वेळेवर ठेवायचे ठरवले, तेव्हा सरकारने त्या घड्याळाच्या रात्रीच्या दिव्यांचा खर्च देण्यास नकार दिला. म्हणजे घड्याळ वाटेल ती वेळ दाखवू शकत होते, पण अंधारात. पुढे 1 जानेवारी 1906 पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा 38 मिनिटे 50 सेकंदांनी, म्हणजे बोलीभाषेत 39 मिनिटांनी पुढे होती. सरकारी कचेऱ्या आणि आगगाड्या नव्या वेळेवर गेल्या, गिरणी कामगारांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला आणि महापालिकेने आपली घड्याळे जुन्या मुंबई वेळेवरच ठेवण्याचा ठराव केला. एका शहरात दोन वेळा नांदू लागल्या आणि हा संसार स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकला.

एवढी माहिती हाती आली की लेखकाने थांबावे आणि स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा : यात दिवसभर भरडला जाणारा माणूस कोण? गव्हर्नर नव्हे आणि ठराव करणारा नगरसेवकही नव्हे. ज्याची कचेरी एका वेळेवर आणि चाळ दुसऱ्या वेळेवर चालते, तो कारकून. घरी नळ, मुलाची शाळा आणि भटजींचा मुहूर्त जुन्या वेळेवर आहे, हजेरीपट मात्र नव्या वेळेवर आहे, आणि रोज 39 मिनिटे नेमकी कुठे जातात याचा हिशोब त्याला लागत नाही. हा हिशोब तो मोडीत लिहिलेल्या घरखर्चाच्या वहीत रुपये, आणे आणि पै यांच्या शेजारी मांडू लागतो, ही आमच्या संहितेची पहिली चौकट होती.

पात्राला नोकरी कोणती द्यावी

कारकून म्हणजे नुसता कारकून नव्हे. त्याच्या टेबलावर कोणता कागद येतो ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. मुंबई सरकारकडे ओरिएंटल ट्रान्सलेटर नावाचे एक कार्यालय होते. इलाख्यातील देशी वृत्तपत्रे वाचून त्यांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा आठवड्याच्या आठवड्याला सरकारला सादर करणे हे त्याच्या कामांपैकी एक काम. आमचा नायक आम्ही या कार्यालयात बसवला, कारण सरकारवर केलेला विनोद सरकारलाच इंग्रजीत समजावून सांगणे याहून हास्यास्पद चाकरी मला तरी सुचत नाही. भाषांतर नीट केले तर संपादक तुरुंगात जाणार आणि वाईट केले तर स्वतःची नोकरी जाणार.

येथे कायद्याचा एक शब्द उपयोगी पडतो. राजद्रोहाचे 124 अ हे कलम 1870 साली दंडसंहितेत आले आणि त्यात गुन्ह्याचे नाव होते ‘डिसअफेक्शन’, म्हणजे आपल्या कायद्याच्या मराठीत ‘अप्रीती’. लोकमान्य टिळकांवरील 1897 च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला या शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा सांगितला. नऊ जणांच्या त्या ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले आणि तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. शिक्षा दीड वर्षाची झाली. पुढल्याच वर्षी कलमाची भाषा सुधारली गेली, पण मूळ कल्पना तशीच राहिली की रयतेने सरकारवर प्रेम करावे आणि ते कमी पडल्यास कोर्टाने मोजावे. अशा वाक्यावर लेखकाने टिप्पणी करू नये. पात्राला ते मनापासून खरे मानू द्यावे आणि दर सोमवारी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात प्रीती कितपत भरते आहे ते तपासायला बसवावे.

दुसरी गोष्ट द्व्यर्थाची. आपल्या रंगभूमीला ही विद्या जुनी आहे. 1876 चा नाट्यप्रयोग कायदाच मुळी एका प्रहसनामुळे आला. कलकत्त्यात युवराजाच्या भेटीवर आणि त्याला घरात बोलावणाऱ्या एका वकिलावर ते रचलेले होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आले, त्यात पांडव होते, द्रौपदी होती, कीचक होता आणि सरकारचा उल्लेखही नव्हता. तरीही प्रेक्षकांना कीचकात व्हाइसरॉय राहिलेला कर्झन दिसला आणि 1910 साली सरकारलाही दिसल्यामुळे नाटकावर बंदी आली. बंदी घालणाऱ्याला आधी ‘हा कीचक म्हणजे आम्हीच’ हे कागदोपत्री मान्य करावे लागते, ही या कायद्याची खरी गंमत आहे. 1921 च्या ‘भक्त विदुर’ या मूकपटातील विदुराच्या डोक्यावर गांधी टोपी दिसली तेव्हा मद्रास आणि कराचीत हेच घडले. आज आपल्याला आडपडद्याची गरज नाही, पण एका शब्दात दोन अर्थ बसवण्याची ती शिस्त उपरोधाला अजूनही लागते, आणि असा शब्द ज्या काळाची गोष्ट आहे त्या काळाच्या व्यवहारातून आलेला असावा.

एक प्रसंग जवळून

आमच्या संहितेतील शब्द होता ‘घटका’. घटका म्हणजे चोवीस मिनिटे आणि ‘घटका भरणे’ म्हणजे शेवट जवळ येणे. जुन्या घटिकापात्राला तळाशी बारीक छिद्र असे, ते पाण्यावर तरंगत ठेवत आणि भरून बुडाले की एक घटका झाली असे मोजत. वाक्प्रचाराचा अर्थ त्या वाटीतूनच आला आहे. आमच्या कल्पित वर्तमानपत्राने नव्या वेळेवर एक ओळ छापली आहे : ‘घड्याळे दोन झाली, आता सरकारची घटका कोणत्या घड्याळाने भरायची, तेवढे कळावे.’ कचेरीच्या भिंतीवरील घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत आणि खिडकीतून दिसणाऱ्या मंडईच्या मनोऱ्यावर दहा वाजून एक मिनिट.

साहेब : गोविंदराव, या वाक्याचा आशय काय आहे?

गोविंदराव : वेळेविषयी विचारणा आहे, साहेब.

साहेब : घटका म्हणजे?

गोविंदराव : चोवीस मिनिटे, साहेब.

साहेब (मोल्सवर्थचा कोश उघडून, बोटाने ओळ शोधत) : बरोबर. आणि ती भरते कशी?

गोविंदराव : पूर्वी पाण्यावर वाटी सोडीत असत, साहेब. तिला छिद्र असे. तिच्यात हळूहळू पाणी येई.

साहेब : आणि भरल्यावर वाटीचे काय होते?

गोविंदराव : बुडते, साहेब.

साहेब टाक दौतीत बुडवतो आणि शेरा लिहितो : ‘लेखकास प्राचीन जलघटिकांविषयी आस्था दिसते. अप्रीती आढळली नाही.’ त्यावर तो टीपकागद दाबतो. पलीकडच्या टेबलावर हेडक्लार्क इतका वेळ मान खाली घालून बसलेला आहे. आता तो वर बघतो, गोविंदरावांकडे पाहून किंचित हसतो आणि पुन्हा मान खाली घालतो.

हा प्रसंग वाचताना काही गोष्टी लक्षात घ्याव्यात. येथे कोणीही विनोद करत नाही. साहेब कर्तव्यदक्ष आहे, त्याने मराठीची परीक्षा दिलेली आहे आणि तो व्याकरणशुद्ध, काहीसे पुस्तकी मराठी बोलतो. गोविंदराव एकही खोटे वाक्य उच्चारत नाहीत. खोटे न बोलता सत्य लपवता येणे ही त्या काळच्या नोकरदाराची खरी कमाई होती आणि ती प्रेक्षकाला दाखवायची आहे. ‘बुडते, साहेब’ या वाक्यानंतर प्रत्येक वाचनात कोणीतरी आणखी एक वाक्य सुचवतो, तो मोह टाळावा. आणि सर्वांत महत्त्वाचा आहे तो हेडक्लार्क. त्याला सगळे कळले आहे. तो चुगली करत नाही. संध्याकाळी जिन्यात गाठून गोविंदरावांकडे पाच रुपये उसने मागतो आणि दर महिन्याला मागत राहतो. परक्या सत्तेवरचा उपरोध साहेबापाशी थांबला तर प्रेक्षक निर्धास्त होऊन घरी जातो, तो या जिन्यापर्यंत आणावा लागतो. त्याच हेतूने आम्ही एक नगरसेवकही ठेवला होता; मुंबई वेळेच्या बाजूने तो तडाखेबंद भाषण करतो, पण रावबहादुरकीच्या आशेने गव्हर्नराच्या दरबाराला जाताना खिशातले घड्याळ गुपचूप 39 मिनिटे पुढे करतो.

साहेबालाही सगळे कळले असेल का, हा प्रश्न वाचनात नेहमी निघतो. संहितेत त्याचे उत्तर देऊ नये, नटाला मात्र ते ठाऊक असावे.

कोणाकडून शिकावे

या प्रकारचे चित्रपट आपल्याकडे थोडे आहेत. अभ्यासासाठी एकच निवडायचा असेल तर मी सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’ (1977) सुचवतो आणि तो दोनदा पाहावा असे सांगतो, एकदा नुसता आणि एकदा प्रेमचंदांची मूळ कथा वाचून. विषय अवधच्या विलिनीकरणाचा, म्हणजे 1856 च्या फेब्रुवारीचा आहे. सुरुवातीलाच चेरी खाण्याचे एक चित्रपट्टीसारखे दृश्य येते आणि ती कल्पना लेखकाने रचलेली नाही. गव्हर्नर जनरल डलहौसीनेच एका पत्रात अवधला कधीतरी आपल्या तोंडात पडणारी चेरी म्हटले होते. दप्तरातला विनोद जसाच्या तसा उचलणे म्हणजे काय, ते येथे दिसते. दुसरा धडा शेवटचा आहे. कथेत बुद्धिबळात दंग असलेले दोघे सरदार अखेरीस तलवारीने एकमेकांना मारतात. चित्रपटात गोळी नुसती चाटून जाते, दोघेही जिवंत राहतात आणि वजिराच्या जागी राणी मानून इंग्रजी पद्धतीने नवा डाव मांडतात, आणि तिकडे राज्य गेलेले असते. मृत्यूमुळे कथेला जी शोकांतिकेची प्रतिष्ठा मिळते ती काढून घेतल्यावर लाज तेवढी शिल्लक राहते. आपल्या संहितेत नायकाला तुरुंगात पाठवण्याचा विचार मनात आला की हा शेवट आठवावा.

काळाचे भान आणि खर्च

मुंबईतील राज्य पुराभिलेखागार एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे आणि जुनी मासिके, वर्तमानपत्रे चाळण्यासाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्था आहेत. तेथे विषय ठरवून जाण्याऐवजी एखाद्या वर्षाचे एक वर्तमानपत्र घेऊन जाहिरातींसकट सलग वाचावे. संवादांची भाषा इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा जाहिरातींतून जास्त सापडते. पात्रांनी एकमेकांना कसे संबोधावे, नवऱ्याचे नाव न घेता बायको त्याला कशी हाक मारते, साहेबासमोर कोण उभा राहतो आणि कोण बसतो, हे आधी लिहून ठेवावे, कारण सत्तेची उतरंड प्रेक्षकाला पोशाखाआधी संबोधनात ऐकू येते.

चुका बहुधा वस्तूंत होतात. 1906 सालच्या मुंबईत ट्राम घोड्यांची होती, विजेची ट्राम 1907 च्या मे महिन्यात आली; तेव्हा पार्श्वभूमीला विजेच्या ट्रामची घंटा वाजवणे चूक ठरते, टापा चालतील. घरातील हिशोब मोडीत, छापील वर्तमानपत्र बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. कचेरीत शाईपेनाऐवजी टाक आणि दौत. रस्ता दाखवण्याच्या भानगडीत पडू नये, तेवढ्यातच सगळे पैसे जातात. कचेरीची एक खोली, चाळीतील एक खोली आणि एक जिना एवढ्यावर वीस मिनिटे निघतात, आणि एका पानाला साधारण एक मिनिट या हिशोबाने संहिता वीस-बावीस पानांच्या पुढे जाऊ देऊ नये.

पहिले वाचन नटांना न हसता करायला सांगावे आणि ऐकायला विषय माहीत नसलेली दोन-चार माणसे बसवावीत. त्यांना दोन वेळांचा घोटाळा कळण्यासाठी निवेदन घालावेसे वाटले तर आधी चित्रातून प्रयत्न करावा, म्हणजे प्रत्येक चौकटीत कुठेतरी घड्याळ असावे आणि कोणते घड्याळ कोणाचे आहे ते पहिल्या तीन मिनिटांत कळावे. त्यासाठी चित्रीकरणाच्या वेळी एका माणसाला दुसरे कोणतेही काम न देता फक्त घड्याळांची वही सांभाळायला बसवावे. बंद घड्याळे आणून काटे हाताने लावावेत आणि दर दृश्याला दोन्ही वेळा वहीत लिहून त्यांतील अंतर 39 मिनिटे आहे ना ते तपासावे. आम्ही ही काळजी घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर खोलीत आलो, अर्धा तास चित्रीकरणही केले आणि मग लक्षात आले की काहीतरी चुकते आहे. दिवे लावणाऱ्या मुलाला भिंतीवर आणि खिडकीत वेगवेगळी वेळ दिसली होती, आणि कोणी न सांगता, आपल्या परीने मदत म्हणून, त्याने मोबाइलमध्ये बघून दोन्ही घड्याळे प्रमाणवेळेला लावली होती.